पान एकशे बारावरचं वाक्य

९ फेब्रुवारी

प्रिय चिटणीस,

सगळं बदललं ते गेल्या मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला, सत्तेचाळिसावं कार्ड वाचताना. त्याआधी मी बरा माणूस होतो. निदान कामाला लागलेला माणूस होतो, आणि ताईच्या मते या दोन्हींत फारसा फरक नाही.

अक्षर ओळखून तू हे पाकीट फाडणार असशील तर एवढं पान संपेपर्यंत थांब. पत्ता तुझ्या मामांनी दिला. दारात उभं ठेवून, कपाळाला आठ्या घालून, कुठल्याशा बिलाच्या पाठीवर लिहून दिला आणि "तिला त्रास द्यायचा नाही" असं दोनदा बजावलं. मी त्रास द्यायला लिहीत नाही. दीड वर्षापूर्वी तू एक शब्द न बोलता निघून गेलीस, का गेलीस ते तुलाच ठाऊक. त्याचा जाबही मागत नाही. इथे एक गोष्ट घडली आहे आणि ती तुझ्या मालकीची आहे, म्हणून लिहितोय.

मी एका प्रकाशकाकडे कामाला आहे. वर दोन खोल्या, खाली छापखाना. यंत्र सुरू झालं की माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास आपोआप कडेकडे सरकतो. मालकांना सगळे तात्या म्हणतात. ते तरुणपणी चळवळीपायी दोनदा तुरुंगात जाऊन आले आहेत आणि हे दिवसातून एकदा तरी सांगतात, ज्या दिवशी सांगत नाहीत त्या दिवशी ऑपरेटरबाई विचारतात, "तात्या, बरं नाही का?" ऑपरेटरबाई म्हणजे आतल्या खोलीत टाइप करतात त्या. बारा वर्षं या घरातलं प्रत्येक पुस्तक त्यांच्या बोटांतून गेलंय. मी प्रुफं वाचतो.

गेल्या वर्षी तात्यांनी ठरवलं, ठोकळा पुन्हा छापायचा. हो, तोच. अभ्यासमंडळात दर शनिवारी ज्याच्यावरून आपण एकमेकांचे गळे धरायचो, तो शंभर वर्षांपूर्वीचा समाजवादाचा ग्रंथ. चाळीस वर्षं कुठेच मिळत नव्हता. तात्यांची स्वतःची प्रत वाळवीने अशी खाल्ली होती की उचलली तर हातात फक्त पुठ्ठा. मी म्हटलं, माझ्याकडे आहे.

माझ्याकडे तुझी होती.

तर ठोकळा निघाला आणि चक्क खपला. प्रत्येक प्रतीत आम्ही एक कार्ड घातलं होतं: पुस्तक आवडलं का, कोणतं वाक्य लक्षात राहिलं, नाव, व्यवसाय, पत्ता. टपाल आमच्या खर्चाने. तात्यांना वाटलं होतं दहा येतील. ढिगाने आली. ती वाचून नीट लावणं हे माझं काम. आणि सत्तेचाळीस कार्डांपैकी अकरा लोकांनी 'लक्षात राहिलेलं वाक्य' म्हणून एकच वाक्य लिहिलं होतं:

"जो सगळ्यांसाठी लढतो त्याच्या घरी भांडी कोण घासतं, ते आधी विचारा."

पान एकशे बारा. मी तुझी प्रत काढून ते पान उघडलं. छापील मजकुरात हे वाक्य नाही. समासात आहे. पेन्सिलीने, तुझ्या उजवीकडे झुकलेल्या अक्षरात, आणि तिथून एक बाण परिच्छेदाच्या शेवटाला नेलेला आहे.

झालं ते असं. तात्या स्वतः सगळ्या दुरुस्त्या समासात पेन्सिलीने करतात आणि बाण काढतात. ऑपरेटरबाईंचा बारा वर्षांचा नियम आहे: पेन्सिल आणि बाण दिसला की आत घ्यायचं, विचारायचं नाही. त्यांनी घेतलं. माझ्या नजरेतून ते सुटलं. आता तुझं वाक्य त्या लेखकाचं म्हणून गावोगाव फिरतंय.

पंधरा मार्चला दुसरी आवृत्ती छपाईला जाईल. त्याआधी मी काय करावं तेवढं सांग. दोन ओळी पुरेत. एकही चालेल.

तुझा
(काय लिहावं कळत नाही)


१७ फेब्रुवारी

चिटणीस,

उत्तर नाही. ठीक आहे. टपाल कधीकधी उशिरा पोचतं.

तुला गंमत वाटेल म्हणून काही अभिप्राय उतरवून पाठवतो. निवृत्त पोस्टमन: "विचार मोठे आहेत, अक्षर बारीक आहे. उलट असतं तर वाचून झालं असतं." शिंपी: "पिळवणुकीबद्दलचं बरोबर आहे, पण दिवसाला बारा शर्ट कोणी शिवत नाही. लेखकाने शिवणयंत्र लांबूनच पाहिलेलं दिसतं." एकाने नाव दिलेलं नाही: "बायकोने हे पुस्तक मला फेकून मारलं. बांधणी मजबूत आहे." हे तात्यांनी तीनदा मोठ्याने वाचायला लावलं आणि तिन्ही वेळा खोकला येईपर्यंत हसले.

आणि मग हे. एक प्राध्यापक: "लेखकाची दूरदृष्टी पाहून थक्क झालो. शंभर वर्षांपूर्वी एका पुरुषाला घरातल्या श्रमाचा प्रश्न इतक्या नेमकेपणाने दिसावा! पान एकशे बारावरचं ते एक वाक्य लिहूनही तो अमर झाला असता."

ते वाचताना माझे कान तापले. तू असतीस तर हसली असतीस. चष्मा काढून, पुसून, परत घालून.

ते सत्तेचाळिसावं कार्ड मी वेगळं ठेवलंय. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या बाईंचं. अक्षर मोठं, प्रत्येक ओळ खाली उतरत गेलेली. "आमच्या युनियनच्या सेक्रेटरीच्या टेबलावर हे पुस्तक होतं. मी रोज थोडं वाचते. ते वाक्य मी कॅन्टीनच्या फळ्यावर लिहिलं. सेक्रेटरी म्हणाला पूस. मी म्हटलं तुमच्याच पुस्तकात आहे, पान बघा. त्याने पान बघितलं आणि गप्प बसला. अजून फळ्यावर आहे. असंच आणखी लिहिलेलं कुठे आहे ते कळवावं."

आणखी कुठे नाही ना. मी शोधलं. पूर्ण ठोकळा उलटापालटा केला. तू एकदाच लिहिलंस.

त्या दिवशी घरी गेलो तो थेट मोरीवर, आणि बाह्या सरसावून भांडी घासायला बसलो. ताई धावत आली. "काय फोडलंस?" "काही नाही." "मग कोणाशी लग्न करायचंय?" भाऊजी आतूनच ओरडले, "घासू दे गं, मध्ये बोलू नकोस, भानावर येईल!" मी अर्धी घासली आणि सोडली. उरलेली तिने घासली. माझी अर्धीसुद्धा तिने पुन्हा घासली, तळाला राख राहिली होती म्हणे.

तात्यांना वाक्य पाठ झालंय. दुसऱ्या आवृत्तीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात तेवढंच छापायचं, खाली लेखकाचं नाव, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं. तुझं ऐकल्याशिवाय कसं सांगू?

वाट बघतोय.


२५ फेब्रुवारी

दोन आठवडे उलटून गेले. निदान शिव्या घाल! कार्डावर फक्त 'मूर्ख' लिहून पाठव, मी फ्रेम करून लावतो. पण ही भिंत नको. तुझ्या या गप्प बसण्याने माणूस आतून पोखरला जातो, हे तुला माहीत आहे आणि म्हणूनच तू ते करतेस. पहिल्यापासून. बैठकीत सगळे घसा फोडायचे आणि तू कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत बसायचीस. आम्ही गमतीने चिटणीस म्हणायला लागलो तर त्यालाही हरकत घेतली नाहीस. बोलायचं होतं ना! कोणी अडवलं होतं?

मी कॉलेज सोडलं ते तुला कळलं असेल. सगळ्यांना मी सांगतो की तत्त्वासाठी सोडलं; वर्गात एक सर मंडळाबद्दल काहीतरी लागट बोलले आणि मी हजेरीचा कागद त्यांच्या तोंडावर फाडला. ते खरं आहे. फाडला. पण ते दोन दिवस आधीचं. माफी मागून प्रकरण मिटलंही होतं. सोडलं ते परीक्षेच्या हॉलमध्ये. माझ्यापुढे दोन बाक सोडून तुझा नंबर होता आणि तो बाक रिकामा होता. पर्यवेक्षकांनी तुझी उत्तरपत्रिका उचलून परत गठ्ठ्यात ठेवली, तेव्हा कळलं की तू खरंच दुसऱ्या गावी गेलीस. मी उठलो. पहिल्या प्रश्नाचा आकडासुद्धा घातला नव्हता.

घ्या. आता तरी बरं वाटलं?

(तासाभराने.) वरचं खोडत नाही, पण तसंच पाठवणंही बरोबर नाही. 'का गेलीस ते तुलाच ठाऊक' असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. मलाही ठाऊक आहे.

त्या शेवटच्या शनिवारी मी जे भाषण केलं ती आठ पानं तुझी होती. 'जरा बघून सांग कसं झालंय' म्हणून तू दिली होतीस. बाहेरून पाहुणे आले होते, बोलायला कोणी तयार नव्हतं, मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. सुरुवातीला सांगणार होतो कोणाचं आहे ते. मग पहिली टाळी पडली. मग सांगायची जागाच सापडेना. तू आतल्या बेसिनवर आमचे कप विसळत होतीस. दार अर्धवट उघडं होतं, नळ मध्येच बंद झाला तो मला ऐकू आला. टाळ्या संपल्यावर तू ओल्या हातांनी कपांचा ट्रे आणून टेबलावर ठेवलास, पिशवी उचललीस आणि गेलीस. एका पाहुण्यांनी तुला "थँक्यू हं" म्हटलं. कपांबद्दल.

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.


२ मार्च

चिटणीस,

आज सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही.

माझ्या नजरेतून ते वाक्य सुटलं नव्हतं.

आमच्याकडे प्रुफं दोघांत वाचतात. ऑपरेटरबाई छापील प्रुफ मोठ्याने वाचतात आणि मी मूळ प्रतीवर बोट फिरवत जातो. जिथे जुळत नाही तिथे 'थांबा' म्हणायचं. एकशे बाराव्या पानावर त्यांनी तो परिच्छेद संपवला, आणि मूळ प्रतीतला परिच्छेदही संपला, माझं बोट पूर्णविरामावर आलं. आणि त्या पुढे वाचतच राहिल्या. "जो सगळ्यांसाठी लढतो..." बोट समासात गेलं.

आणखी एक लाजेची गोष्ट सांगतो. मंडळात ठोकळ्यावर मी दोन वर्षं तावातावाने बोललो, पण ऐंशी पानांच्या पुढे मी कधी गेलोच नव्हतो. तुझं पुस्तक इतके महिने उशाशी ठेवलं आणि हे वाक्य तोवर पाहिलं नव्हतं.

ऑपरेटरबाई थांबल्या. चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "हे छान आहे हो. एवढ्या वेळात पहिल्यांदा काहीतरी कळलं." मला एक शब्द म्हणायचा होता, 'थांबा'. मी म्हटलं, "पुढे."

का, तर सातशे पानांच्या पुस्तकात तुझं एक वाक्य असेल आणि ते फक्त मला माहीत असेल, असं वाटलं. दुकानात कोणी ठोकळा चाळताना दिसला की मनात म्हणायचं, एकशे बारा. एवढंच. तुझा आवाज कुठेतरी आहे, असं. प्रेमात माणूस काय काय करतो याचे किस्से लोक कौतुकाने सांगतात. मीही स्वतःला तो कौतुकाने सांगितला, सहा महिने. सत्तेचाळिसाव्या कार्डापर्यंत.

पहिल्या पत्रात मी ऑपरेटरबाईंच्या नियमामागे लपलो. त्या समोरच बसल्या होत्या तेव्हा. मला चहा आणून देत होत्या.


७ मार्च

तुझं कार्ड आलं.

पत्र नाही, कार्ड. आमचंच, पुस्तकात घातलेलं. एकशे त्रेसष्टावं. नाव लिहिलेलं नाही, पत्ता लिहिलेला नाही. व्यवसायापुढे 'शिक्षिका'. बाकी मी इथे उतरवून काढतो. तुला ते ठाऊकच आहे, पण मला पुन्हा एकदा लिहून बघायचंय.

"संपादकांस, पान एकशे बारा, दुसऱ्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य लेखकाचं नाही. ते एका वाचक मुलीने समासात लिहिलेलं आहे. लेखकाने हा प्रश्न संपूर्ण ग्रंथात एकदाही विचारलेला नाही, आणि या ग्रंथावरचा माझा अभिप्राय तोच आहे. ज्याने विचारलं नाही त्याला विचारल्याचं श्रेय देऊ नये. वाक्य त्याच्या तोंडून काढून घ्यावं."

मी ते खिडकीपाशी नेऊन वाचलं. मग जिन्यात जाऊन वाचलं. कुठे तरी मला उद्देशून एखादा शब्द असेल म्हणून. नाही. तू माझी पत्रं फोडलीस की तशीच चुलीत घातलीस, तेही यातून कळत नाही. तू पुस्तक विकत घेतलंस, वाचलंस, तुला चूक दिसली, तू संपादकांना कळवलंस. असे अभिप्राय एकशे बासष्ट लोकांनी पाठवले. तू त्यांतली एक.

खोटं कशाला बोलू, मी रडलो. ग्लास सरकत सरकत पडला आणि फुटला, ते निमित्त झालं.

मग कामाला लागलो. ज्यांनी ते वाक्य लिहून पाठवलं होतं आणि पत्ता दिला होता असे चौतीस लोक निघाले. तीन दिवस बसून प्रत्येकाला हाताने कार्ड लिहिलं: "आपण उल्लेख केलेलं पान एकशे बारावरचं वाक्य मूळ लेखकाचं नसून एका वाचक मुलीचं आहे. ती लेखी टीप नजरचुकीने मजकुरात आली. क्षमस्व." प्राध्यापकांनाही गेलं, कॅन्टीनच्या बाईंनाही गेलं. आज सगळी पेटीत टाकली. तुझी प्रत वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे, पोचेल.

उद्या तात्यांना सांगतो.


१४ मार्च

चिटणीस,

हे शेवटचं पत्र. त्रास द्यायचा नाही असं मामांनी बजावलं होतं आणि मी सहा पत्रं लिहिली. पण जे झालं ते तुला कळायला हवं, कारण त्याचा निकाल तुझ्या कार्डावर लागला.

आठ तारखेला मी तात्यांपुढे तुझं कार्ड ठेवलं. मला वाटलं होतं ते टेबल उलटं करतील. त्यांनी शांतपणे वाचलं, दोनदा. म्हणाले, "बाई बरोबर बोलतेय." मागच्या पानावरचं वाक्य काढलं. आतली सातशे पानं पहिल्या आवृत्तीच्या तयार प्लेटांवरूनच छापायची, नव्या करायला वेळ नाही, तेव्हा प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवायचं ठरलं. मी सुटकेचा श्वास सोडला. मग त्यांनी आत हाक मारली, "बाई, पेन्सिल दिसली की डोळे मिटून टाइप करायचं असं कोणी सांगितलं तुम्हाला? बारा वर्षं झाली!"

"तुम्हीच," त्या म्हणाल्या.

"माझी पेन्सिल वेगळी, कोणाचीही पेन्सिल वेगळी. वाचकांपुढे नाक कापलं माझं." आणि त्यांनी शुद्धिपत्र सांगितलं: 'टंकलेखकाच्या चुकीमुळे...' ऑपरेटरबाईंनी स्वतःच ते टाइप केलं. पुढे त्यांचं काम काढून बाहेर द्यायचं, असं तात्या फोनवर कोणाशी तरी बोलत होते. दार उघडंच होतं.

मी काय केलं? मी गप्प बसलो. सहा दिवस. तुझं काम झालं होतं ना. वाक्य त्याच्या तोंडून निघालं होतं. ते कोणावर ढकलून निघालं, हे कार्डावर कुठे विचारलं होतं, असं मी स्वतःला समजावत होतो. चहा त्या अजूनही आणून देत होत्या.

आज अकरा वाजता कॅन्टीनच्या बाई आल्या. जिना चढून धाप लागलेली, हातात माझं कार्ड. कामाचा एप्रन अंगावर तसाच.

"हे कोणी पाठवलं?"

"मी."

"खरं आहे?"

"हो."

"म्हणजे पुस्तकवाल्याने नाही लिहिलं."

"नाही. एका मुलीने. तेव्हा कॉलेजात होती."

"ती तरी भांडी घासायची का?"

"कप. आमचे."

त्यांनी मान हलवली. "मग तिला माहीत होतं." पाणी दिलं ते त्यांनी उभ्यानेच प्यायलं. "हे कार्ड मी टेबलावर ठेवून आत गेले होते. सेक्रेटरीने उचललं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. म्हणाला, बघा, कुठल्या तरी पोरीने पेन्सिलीने खरडलेलं, आणि ही आम्हाला शिकवते. मग स्वतःच्या हाताने फळा पुसला." त्यांनी एप्रनने कपाळ पुसलं. "इतक्या वर्षांत कॅन्टीनमध्ये त्याने पहिल्यांदा काहीतरी पुसलं."

आतून ऑपरेटरबाई फस्सकन हसल्या. मग बाईही हसल्या, पण ते हसणं फार टिकलं नाही.

"मी भांडायला आले नाही. खरं ते खरं. पोरीचं तिला मिळायला हवं. माझा फळा गेला, तो मी बघून घेईन. पण यात लिहिलंय नजरचूक. कोणाची?"

तात्या कागदातून मान वर न काढता म्हणाले, "टाइप करताना झाली."

बाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं. "तुमची का हो, बाई?"

"तसं छापून येणार आहे," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

बाईंना काय कळलं कोणास ठाऊक. त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी साधेपणाने, भाव विचारावा तसं विचारलं, "तिचं वाक्य गेलं, माझा फळा गेला, यांच्यावर आळ आला. तुमचं काय गेलं?"

मी खूप बोलतो हे तुला माहीत आहे. दोन वर्षं ऐंशी पानांवर बोललो. आता आवाज निघाला तो नको इतका मोठा, खालचा यंत्रावरचा माणूस जिन्यात येऊन बघून गेला.

"यांची चूक नाही. माझी आहे. आणि नजरचूक नाही. प्रुफाच्या वेळी मला दिसलं होतं. अक्षर मला ओळखीचं होतं. मी मुद्दाम राहू दिलं."

तात्यांनी चष्मा काढला. "का?"

"ती मुलगी मला आवडायची."

"मग तिला पत्र लिहायचं, गाढवा. ग्रंथात कशाला घातलीस?"

"त्याआधी एकदा तिचं आख्खं भाषण मी माझं म्हणून वाचलं होतं," मी म्हटलं. एकदा सांगायला लागल्यावर थांबता येईना.

ऑपरेटरबाई उठून दारात आल्या होत्या. मला वाटलं त्या काहीतरी लागेल असं बोलतील, आणि बोलायला हवंच होतं. त्या म्हणाल्या, "तरीच तू त्या दिवशी 'पुढे' म्हणालास." एवढंच. त्यांना तो शब्दही लक्षात होता.

तात्यांनी शुद्धिपत्राचा कागद पुढे ओढला. "मग यात काय लिहू आता? सांग. तुलाच फार कळतं."

मी सांगितलं. ऑपरेटरबाईंनी जागेवर जाऊन टाइप केलं. 'पान एकशे बारावरील दुसऱ्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य मूळ लेखकाचे नाही. ते एका वाचक मुलीने समासात लिहिलेले आहे. मुद्रितशोधकाने हे ठाऊक असून ते राहू दिले.' तुझं नाव घातलं नाही. ते तू कार्डावर घातलं नव्हतंस.

तात्यांनी वाचलं. शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवली, मला वाटलं खोडतात. "असं कोणी छापत नाही," ते म्हणाले. "मी दोनदा तुरुंगात गेलो, पण असलं कधी छापलं नाही." मग पेन्सिल बाजूला ठेवली. "छापीन. पण ठाऊक असून चूक ठेवणारा माणूस माझ्याकडे कामाला आहे, असं मात्र दिसता कामा नये. कळतंय ना?"

"कळतंय."

"बाई," ते आत न बघता म्हणाले, "ते बाहेर काम द्यायचं बोलत होतो, ते राहू द्या."

"बघते," ऑपरेटरबाई म्हणाल्या. मला वाटतं त्या आता राहणार नाहीत. त्यांच्या आवाजात ते होतं.

कॅन्टीनच्या बाईंनी तो टाइप केलेला कागद मागून घेतला, याची एक प्रत काढून द्याल का म्हणाल्या. "फळ्यावर हे चिकटपट्टीने लावते. पुसून बघू दे." पण बोलताना त्यांचा खांदा उतरलेला होता. पोरीने खरडलेलं, एवढं त्या माणसाला पुरेसं आहे हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही. त्या निघाल्या, कामावर उशीर झाला होता.

मी टेबल आवरलं. कार्डांचे गठ्ठे बांधले, तुझं त्यांतच ठेवलं, एकशे त्रेसष्टावं, एकशे बासष्ट आणि एकशे चौसष्टच्या मध्ये. ते संपादकांना लिहिलेलं आहे. माझं नाही. घ्यायचा मोह झाला, एक क्षणभर हात आत होता. मग काढला.

तुला हे सगळं सांगून मी काही मागत नाही. परत ये म्हणत नाही. माफ कर असंही लिहिणार होतो, पण तेही तुझ्याकडून काहीतरी मागणंच झालं.

तात्या प्रुफात डोकं घालून बसले होते, त्यांनी वर पाहिलं नाही. खाली यंत्र सुरू झालं. मी उंबऱ्याशी पोचलो तेव्हा ऑपरेटरबाईंनी आतून हाक दिली, "अरे, जाताना दार ओढून घे. वारं येतं, कागद उडतात."

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.